गावपळणीत घर क्रमांक सतरामध्ये आढळलेल्या इसमाबाबत

प्रति,
मा. पुरवठा निरीक्षण अधिकारी साहेब,
शिधापत्रिका पडताळणी कक्ष,
तालुका कचेरी.

अर्जदार : सहदेव गणू कोयंडे, वय वर्षे ७४, धंदा पूर्वी किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणे, सध्या बसून. रा. मौजे सुरंगखोल, आचऱ्याकडून येताना खाडी ओलांडल्यावर दुसरा उतार, जि. सिंधुदुर्ग.

विषय : सदर इसम कोण याचा खुलासा करणे, आणि श्रीमती सेलेस्तीन बस्त्यांव आल्मेडा, वय वर्षे ७९, यांची रद्द झालेली अंत्योदय शिधापत्रिका पुन्हा चालू होणे बाबत.

संदर्भ :
१) आपल्या कक्षाचा पडताळणी अहवाल, दि. १२ डिसेंबर २०२५.
२) अर्जदाराचा अर्ज, दि. ५ जानेवारी २०२६ (सदर इसम हे भूत असल्याबाबत).
३) अर्जदाराचा अर्ज, दि. २७ जानेवारी २०२६ (सदर इसम हा परदेशी खलाशी असल्याबाबत).
४) वरील दोन्ही अर्जांस आलेली आपली उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार प्रथम हे कळवू इच्छितो की संदर्भ २ व ३ येथील अर्ज त्यानेच स्वतःच्या हाताने, चांगल्या अक्षरात लिहिले असून दोन्हींतील मजकूर खोटा आहे. ते दोन्ही अर्ज तो मागे घेत आहे. आपल्या कक्षातील शर्मिला मॅडम त्यास एकदा म्हणाल्या होत्या, "कोयंडेकाका, तुमचा अर्ज आला की आम्ही जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो." हा अर्ज सुट्टीच्या आधी वाचण्यात यावा. यात हसण्यासारखे काही आले तर ते अर्जदाराच्या हाताला लागलेल्या सवयीमुळे आले, असे समजावे.

२. आपण घाटावरून बदलून आला आहात असे कळते, म्हणून गावपळणीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. सुरंगखोल गावात दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात श्री देव रवळनाथाचा कौल होतो आणि सारा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, जाऊन राहतो. माणसे जातात, गुरे जातात, कोंबड्या टोपल्यांतून जातात, कुत्रे आपण होऊन येतात. मांजर सापडले तर नेतात. यात हिंदूंची पस्तीस घरे आणि ख्रिश्चनांची सहा असा भेद नाही. देव कोणाचा, हा प्रश्न या कामी आजवर कोणी काढलेला नाही, कारण गाव सर्वांचा आहे. झोपड्या बांधतात, चुली मांडतात, रात्री भजन होते, त्यानंतर ख्रिश्चनांच्या घरांतल्या लिओनच्या गिटारवर जे होते त्यास काय म्हणावे ते अर्जदारास ठाऊक नाही.

त्या तीन दिवसांत वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाही. टाकल्यास दंड आहे, आणि त्यात वय, जात, कारण पाहिले जात नाही. सन १९८६ मध्ये एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सड्यावरून पळून गावात गेली होती. तिची चौकशी झाली व तिच्या मालकाने दंड दिला. तलंगीने पुढे अंडी घातली नाहीत, असे अर्जदार आजवर सांगत आला. खरे तर ती घालत होती.

३. गतवर्षीची गावपळण दि. ११ ते १४ डिसेंबर अशी होती. दि. १२ रोजी, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास आपले पडताळणी कर्मचारी मोटारसायकलवरून खाडीच्या बाजूने गावात उतरले. सड्यावरून ते सर्वांना दिसले. वेशीच्या आत जाऊन त्यांना थांबवणे कोणास शक्य नव्हते, म्हणून लोकांनी वरूनच ओरडून हात हलवले. कर्मचाऱ्यांना वाटले पर्यटक आहेत. त्यांनीही हात हलवला व पुढे गेले. ते सभ्य गृहस्थ आहेत याबद्दल दुमत नाही.

४. त्यांच्या अहवालात जे लिहिले आहे ते सर्व डोळ्यांनी पाहिलेले आहे, म्हणून त्यास खोटे म्हणता येत नाही. शिधापत्रिकाधारक घरे एक्केचाळीस, पैकी चाळीस घरांना कुलूप. कौलांतून धूर नाही. गोठे रिकामे. कुत्रे भुंकले नाहीत. अंगणवाडी बंद, पटावर मुले चौदा, हजर शून्य. सबब गाव ओसाड, लाभार्थी स्थलांतरित, सर्वांचे धान्य स्थगित. अंगणवाडीचा आहारही त्याच कागदाच्या आधारे बंद झाला. तेव्हापासून सेविका सुगंधा घरोघरी मूठमूठ तांदूळ व डाळ मागून चौदा मुलांची खिचडी करते आहे. पैकी तिघे फारच खातात. त्याचा दोष आपल्या कक्षास नाही.

घर क्रमांक सतराबद्दल मात्र शेरा वेगळा आहे. तो अर्जदारास आता पाठ झाला आहे : "घरात एक वृद्ध पुरुष आढळला. घर माझेच असे त्याने सांगितले. नाव विचारता ऐकू येत नसल्याची खूण केली. शिधापत्रिकाधारक महिला घरात नाही. सबब सदर महिला मयत अथवा निघून गेलेली असून घर अन्य इसमाच्या ताब्यात आहे." चाळीस घरांचे धान्य स्थगित झाले. सेलेस्तीनबायचे कार्ड कायमचे रद्द झाले. स्थगित आणि रद्द यांतला फरक अर्जदारास पूर्वी माहीत नव्हता.

५. दि. १ जानेवारी रोजी दुकानदार विकी याच्या यंत्रावर एकेकाने अंगठा ठेवला आणि यंत्राने एकेकास स्थलांतरित म्हटले. दुसऱ्या दिवशी गावाने टेम्पो केला व त्रेसष्ट माणसे आपल्या कचेरीत हजर झाली. तिथे त्यांना सांगण्यात आले की पडताळणी घरी होते, कचेरीत होत नाही, आणि त्रेसष्ट माणसे कामाच्या दिवशी कचेरीत आहेत याचा अर्थ ती घरी नाहीत. हे म्हणणे नियमास धरून असावे. मग गावपळणीचा खुलासा केला. तो आपण शांतपणे ऐकून घेतलात याबद्दल गाव आभारी आहे. परंतु आपण एक प्रश्न विचारलात : "गावात एकही माणूस राहत नाही असं म्हणता, तर मग हा कोण?"

आणि आपण फोटो दाखवलात. फोटोत डोक्यावर गुंडाळलेला टॉवेल आहे, पाठ आहे, आणि एक कान आहे.

६. तेव्हापासून सारे धान्य त्या एका इसमापाशी अडले आहे. तो कोण हे कळले तर गावपळण खरी ठरते, बाकीची चाळीस घरे राहती ठरतात, आणि सेलेस्तीनबाय जिवंत ठरतात. कळले नाही तर नाही. गावाने आपापसात पुष्कळ तर्क केले. त्यास दिशा मिळावी म्हणून अर्जदाराने संदर्भ २ चा अर्ज दिला, की त्या तीन दिवसांत देव गावातल्या भुतांची हजेरी घेतो व हजेरीस आलेले एखादे भूत विसाव्यास घरात बसले असावे. त्यावर आपले उत्तर आले की सदर भुताचे नाव कोणत्याही शिधापत्रिकेवर आढळत नसल्याने त्याचा विचार करता येत नाही. मग संदर्भ ३ दिला, की परदेशी जहाजावरचा एक खलाशी पोहत किनाऱ्यास लागला, पेज पिऊन परत पोहत गेला. त्यावर आपण प्रकरण पोलिसांकडे पाठवले. या दुसऱ्या गोष्टीचा अर्जदारास आजही थोडा अभिमान वाटतो, ते बरोबर नाही.

७. आता खरे.

सेलेस्तीनबाय अर्जदाराच्या शेजारी राहतात. मध्ये एक माड व एक विहीर. यजमान बस्त्यांव पोर्तुगिजांच्या वेळेस गोव्यात शिवणकाम करत, ते वारून एकवीस वर्षे झाली. मूल नाही, शेत नाही. माडाच्या झावळांतल्या हिरांच्या केरसुण्या वळतात. त्यांचे जेवण म्हणजे दुकानावरचा पस्तीस किलोचा शिधा, त्यातला काही त्या कोंबड्यांना घालतात व ते नियमात बसत नाही हे अर्जदारास माहीत आहे. कोणी ताट आणून दिले तर झाकण न उघडता परत करतात. दि. ११ ला सड्यावर जाताना त्यांनी पत्र्याचा डबा घेतला. त्यांच्याकडे सारखे दोन डबे आहेत, एकात तांदूळ, दुसऱ्यात यजमानांची बटणे. सड्यावर रात्री डबा उघडला तेव्हा बटणे निघाली.

चारी बाजूंनी चुली पेटल्या होत्या. पलीकडच्या झोपडीतल्या प्रेमलताने भाकरी नेली, लिओनच्या झोपडीतून डुकराचे सोरपातेल गेले. त्या सर्वांना त्यांनी एकच सांगितले, "भूक नाय गो माका. येतानाच जेवलंय." अर्जदाराची झोपडी लागून होती. रात्री त्यांचे पोट वाजलेले त्यास ऐकू आले, आणि वाऱ्याचा आवाज पोटासारखा येत नाही.

सकाळी तो तंबाखू शोधतो असे सांगून करवंदीच्या जाळीमागून उतरला व वेशीच्या आत गेला. चौऱ्याहत्तर वर्षांत पंचवीस गावपळणी झाल्या असतील. पाऊल प्रथमच टाकले. गाव इतका शांत होता की स्वतःच्या गुडघ्याचा आवाज त्यास दुसऱ्या कोणाचा वाटला व तो दोनदा मागे वळला.

८. सेलेस्तीनबायची किल्ली दारावरच्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, मागे असते. तो आत जाऊन डब्यातले तांदूळ डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलच्या मोकळ्या टोकात ओतत असताना दाराशी मोटारसायकल थांबली. कर्मचाऱ्यांनी विचारले, इथे कोण राहतं. परक्या बाईच्या घरात, तिचे तांदूळ पदरात घेतलेला माणूस या प्रश्नास दोनच उत्तरे देऊ शकतो. खरे सांगावे तर वेशीच्या आत आल्याचे उघड होते व वर चोरही ठरतो. अर्जदार म्हणाला, "घर माझाच." नाव विचारल्यावर तो बहिरा झाला. पहिला प्रश्न ऐकू आलेला माणूस दुसऱ्यास बहिरा होत नाही, हे त्यास त्याच क्षणी कळले, परंतु तोवर कान बंद झाला होता. कर्मचाऱ्यांनी फोटो घेतला तेव्हा त्याने तोंड फिरवले.

तांदूळ घेऊन तो सड्यावर आला. सेलेस्तीनबायनी विचारले, "खंयसून हाडलंस रे?" तो म्हणाला, आचऱ्याच्या दुकानातून. त्या आपल्या तांदळात कीड लागू नये म्हणून सुकी मिरची घालून ठेवतात. टॉवेल सोडल्यावर त्यातून मिरची निघाली. त्यांनी तिच्याकडे पाहिले, ती उचलून बाजूला ठेवली आणि पेज चढवली.

९. म्हणजे, महोदय, तो इसम कोण हे सेलेस्तीनबायना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कचेरीत आपण त्यांना विचारलेत, "आजी, तुमच्या घरातला हा पुरुष कोण?" त्या म्हणाल्या, माहीत नाही. विहिरीवर बायका विचारू लागल्या, "गो सेलेस्तीनबाय, घरात पुरुष ठेवलंस ता ठेवलंस, आमका सांगूचा तरी." त्या म्हणाल्या, "सांगला आसता तर तू बघूक इली आसतंस." कळशी उचलून घरी आल्या. खलाशाच्या चौकशीस दोन पोलीस आले व दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसले. त्यांनाही तेच सांगितले, "माका म्हायत नाय. मी सड्यार होतंय." त्यांना चहा दिला. साखर तेवढीच होती.

जानेवारीत त्यांना धान्य मिळाले नाही. फेब्रुवारीत मिळाले नाही. अर्जदाराने तांदूळ नेले ते परत आले. सुगंधाने अंगणवाडीची खिचडी नेली, तीही परत आली, वर निरोप आला, "पोरांचा माका नको. कोणाचाच नको. माझा जा आसा, ता माका देवा." सध्या त्या दिवसातून एकदा नीरफणस उकडून खातात. एका झाडावर तो किती दिवस पुरेल ते अर्जदाराने मोजले आहे. शिवाय सध्या त्यांच्या धर्माप्रमाणे उपासाचे दिवस आहेत. उपास माणसाने स्वतःहून धरायचा असतो, तो शेऱ्यावरून लागू होत नाही, असे पाद्रीसाहेबांचेही मत आहे.

गेल्या मंगळवारी अर्जदार त्यांच्या ओसरीवर गेला. त्यांनी केरसुणी वळता वळता सांगितले, "सहदेवा, तुझा नाव मी घेवचंय नाय. पण तू भूत लिवतंस, खलाशी लिवतंस, आणि पोलीस माझ्या दारात येतत. तू गप तरी रव." त्यांच्या हाताच्या बोटांत हीर धरवत नव्हता. तीनदा सुटला.

१०. अर्जदाराने खुलासा आजवर का दिला नाही, याचे कारण लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. वेशीच्या आत पाऊल टाकल्याचा दंड असा : साऱ्या गावास एक जेवण, ते स्वतः रांधायचे, स्वतः वाढायचे, सर्वांची उष्टी काढून शेवटी जेवायचे. हे तो करू शकतो. दुसरा भाग असा, की पालखीचा मान असल्यास तो पुढील गावपळणीपर्यंत काढून घेतात. अर्जदार एकावन्न वर्षे रवळनाथाच्या पालखीस डावीकडून पुढचा खांदा देतो. त्या आधी वडील देत. तीन वर्षांनी तो सत्याहत्तरचा होईल, आणि खांदा अर्ज करून परत मिळत नाही.

एवढ्यासाठी त्याने दोन महिने एका बाईस मयत राहू दिले. यास दुसरा शब्द त्यास सुचलेला नाही.

११. पुराव्याबद्दल. अर्जदाराच्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा असे तो म्हणत नाही, त्याचा शब्द त्याने स्वतःच खराब केला आहे. परंतु त्याच्या उजव्या कानाच्या पाळीचा तुकडा सन १९७९ मध्ये गेलेला आहे. तो मुशीने, म्हणजे शार्कने, नेला असे तो अनेकदा सांगत आला, त्यात तिची लांबी दरवेळी वाढली. प्रत्यक्षात तो रापणीच्या दोरात अडकून गेला. आपल्या फोटोतील कानास पाळी नाही. अर्जदार कोणत्याही कामाच्या दिवशी कान घेऊन हजर राहील.

१२. तरी विनंती की,

(अ) घर क्रमांक सतरामधील इसम हा सहदेव गणू कोयंडे असून त्याचा त्या घरावर कोणताही ताबा, हक्क वा नाते नाही, तो फक्त तांदूळ न्यायला आला होता, अशी दुरुस्ती अहवालात व्हावी.

(आ) श्रीमती आल्मेडा यांचे अंत्योदय कार्ड चालू करून जानेवारी व फेब्रुवारीचा शिधा द्यावा. दोन महिन्यांचे मागील धान्य देता येत नाही असे शर्मिला मॅडम म्हणतील. ते त्यांनी बाईंना स्वतः येऊन सांगावे.

(इ) उरलेल्या चाळीस घरांची स्थगिती उठवावी, त्यात अर्जदाराचे घर सर्वांत शेवटी घेतले तरी चालेल. अंगणवाडीचा आहार या सर्वांआधी चालू व्हावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम अर्जदाराने वाचनालयात वाचला. त्यात गावपळण आलेली नाही, परंतु लहान मुलांचे जेवण आलेले आहे.

(ई) पुन्हा पडताळणी करायची असल्यास ती बुधवार दि. ११ मार्च रोजी करावी. दंडाचे जेवण अर्जदाराने त्या दिवशी धरले आहे. मानकरी वेगळा दंड सांगणार नाहीत, कारण दंड एकच आहे. कणगीत भात आहे, काळ्या वाटाण्याची आमटी होईल, तांदूळ कमी पडल्यास पेज होईल. गावातली एकशे त्र्याऐंशी माणसे देवळासमोर पंगतीत बसलेली असतील. त्यांना मोजावे, हवे तर दोनदा मोजावे. जेवणारा माणूस मोजण्यास सोपा असतो, तो हलत नाही.

सेलेस्तीनबाय पंगतीस येतील की नाही सांगता येत नाही. न आल्यास आपण घर क्रमांक सतराचे दार वाजवावे. जी बाई दार उघडेल तिला, आपण कोण, असे विचारावे व ती जे सांगेल तेच लिहावे.

आपला,
दोनदा खोटे लिहून तिसऱ्यांदा आलेला,
सहदेव गणू कोयंडे
(सही, व कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी अंगठाही)

सुरंगखोल, दि. २३ फेब्रुवारी २०२६

सोबत : अर्जदाराच्या उजव्या कानाचे दोन फोटो. श्रीमती आल्मेडा यांच्या शिधापत्रिकेची प्रत. अंगणवाडीतील चौदा मुलांची यादी, सुगंधाच्या सहीने.

प्रत माहितीसाठी : श्री देव रवळनाथ देवस्थानचा कारभार पाहणारे बारा-पाच मानकरी. पालखीच्या डाव्या दांड्याला पुढे कोणाचा खांदा लावायचा ते ठरवून ठेवावे. अर्जदाराच्या मते मागचा खांदा देणाऱ्या जितेंद्रची उंची जुळते.